निळ्या चांदणीचा ठोकळा

"अप्पा, तंबोरा गेला बघा," सुलभाताई म्हणाल्या.

मी देवळाच्या खांबाला कर्णा बांधत होतो. तार तशीच सोडून खाली उतरलो. ताईंची विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी गाभाऱ्यासमोरच्या सतरंजीवर होती आणि ताई तिची कळ पुन्हा पुन्हा दाबत होत्या. पेटी मुकी. मी तिचा विजेचा ठोकळा बोर्डातून उपसला आणि नाकाशी धरला. करपल्याचा वास आला.

"पेटी चांगली आहे, ताई. ठोकळा जळलाय."

"मग दुसरा लावा की. तुमचं तर दुकानच आहे."

"बघतो."

"बघतो नका म्हणू हो. पाच वाजलेत, साडेपाचला नमन. माझा घसा आज हा असा. मागं सूर धरायला कुणी नसेल, तर मी उभीच राहायची नाही. लोकांना सांगा, आज आरती करून घरी जा."

चैत्रातल्या रामाच्या नवरात्राचा तो सहावा दिवस. वार शुक्रवार. आष्ट्यातल्या आमच्या राममंदिरात नऊ दिवस कीर्तन होतं आणि माईकची सेवा माझ्याकडे. लोहार रेडिओज म्हटलं की अजूनही जुनी माणसं माझंच घर दाखवतात. रेडिओ, टेप, अँप्लिफायर, जे काही बोलतं किंवा गातं ते बंद पडलं की माझ्याकडे यायचं. पैसे घेऊन केलेलं काम वेगळं. कीर्तनाचं मी कधी काम मानलं नाही. बुवा किंवा ताई नमनाला उभे राहिले आणि झांजेचा पहिला ठोका पडला, की माझ्या अंगावर काटा यायचा. आजही येतो. बायको गेल्यावर मी सावरलो ते त्या सतरंजीवर बसून.

देवळापासून घर दोन गल्ल्या. मी जवळजवळ पळतच आलो. दुकानाचे खण उपसले. सहा व्होल्टचे ठोकळे होते, नऊचे होते. ताईंच्या पेटीला बारा लागतात. बाराचा एकही नाही.

म्हणजे दुकानात नाही. घरात होता.

मधल्या खोलीत टीव्हीखाली रेवाचं खेळाचं यंत्र होतं आणि यंत्राच्या शेजारी एक लहानसा डबा. नेटवर्क अडॅप्टर. त्या डब्याला वीज देणारा काळा ठोकळा भिंतीत बसवलेला. बारा व्होल्ट. त्यावर रेवानं निळी चांदणी चिकटवली होती.

रेवा माझी नात. तेव्हा नऊ वर्षांची. माझी लेक वृषाली आणि तिचा नवरा धनंजय कोर्टात जाऊन वेगळे झाले, तेव्हा वृषाली पोरीला घेऊन माझ्याकडे आली. धनंजय मस्कतला निघून गेला. फोनवर दोघांची भांडणं व्हायची. फोन पोरीसाठी यायचा, पण पाच मिनिटांत वृषालीच्या हातात जायचा आणि आवाज चढायचा. शेवटी वृषालीनं फोन बंदच करून टाकला. मग दिवाळीच्या आधी धनंजयनं ते यंत्र पाठवलं, सोबत तो डबा आणि चिठ्ठी. चिठ्ठी वृषालीला नव्हती, मला होती. 'अप्पा, हे इंटरनेटला जोडलं तर मी इथून आणि रेवा तिथून एकच खेळ खेळू शकतो. कानाला लावायचा माईकही आहे. वृषालीला विचारून बघा.'

वृषालीनं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "आठवड्यातून एक तास. त्याची सुट्टी शुक्रवारी असते, तर शुक्रवारी साडेपाच ते साडेसहा. मी सूतगिरणीच्या ऑफिसातून यायच्या आत आटपायचं. मला त्याचा आवाज ऐकायचा नाही."

जोडायला मात्र घाम निघाला. टेलिफोनचा मोडेम पुढं दुकानात, यंत्र मधल्या खोलीत, आणि हा डबा हवेतून दोघांची गाठ घालणार. मी जन्मभर तारा जोडल्या, बिनतारी गाठ कशी मारतात मला काय ठाऊक! धनंजय मस्कतहून दुकानाच्या फोनवर सांगायचा आणि मी ओरडून रेवाला सांगायचो.

"अप्पा, डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?"

"रेवाऽ, दिवा कसाय?"

"लुकलुकतोय!" आतून.

"लुकलुकतोय म्हणते."

"मग परवलीचा शब्द चुकलाय. पुन्हा टाका."

"धनंजयराव, तीनदा टाकला हो."

"मोठ्या लिपीत टाकलात का?"

"आता यात मोठी न् लहान काय असतं?"

तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं हसणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी दिवा स्थिर झाला. रेवा किंचाळली ती समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेली. "आजोबा! बाबा आले! बाबांची गाडी आली!"

गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. रेवाची लाल गाडी, त्याची निळी. पण मी एकदा दारातून पाहिलं तर दोघं शर्यत लावतच नव्हते. रस्त्याच्या कडेला समुद्र होता, तिथं दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून बाप-लेक बोलत बसले होते. बाकीच्या गाड्या भर्रकन निघून जात होत्या. रेवा माईकमध्ये सांगत होती, "आणि मग बाई म्हणाल्या, रेवाचं अक्षर सुधारलं." त्याच दिवशी तिनं ठोकळ्यावर चांदणी चिकटवली. झाडूवाल्या शेवंताबाईला बजावून सांगितलं, "मावशी, चांदणीवाला काढायचा नाही. त्यात माझे बाबा असतात."

तर तो ठोकळा मी त्या शुक्रवारी पाच वाजून दहा मिनिटांनी काढला.

शुक्रवार आहे हे मी विसरलो नव्हतो. तसं सांगायला सोपं आहे म्हणून मुद्दाम लिहितो. रेवा शाळेतून यायची होती. मी स्वतःला म्हटलं, एका शुक्रवारानं काय होतंय? दोनशे माणसं बसलीत, देवाचं काम अडलंय. आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी आणखी एक वाक्य होतं. माझ्या लेकीनं वाट बघून बघून डोळे सुजवले, आज त्यालाही बघू दे जरा.

बरोबर आणलेल्या जळक्या ठोकळ्याशी ताडून पाहिलं, तर चांदणीवाल्याची पिन पेटीला बसणारी नव्हती. मी दुकानात येऊन त्याची पिन छाटली, जळक्या ठोकळ्याची पिन तिथं जोडली, टेप गुंडाळली. छाटलेली पिन खिशात टाकली आणि देवळात पळालो.

पेटी बोलू लागली. ताईंनी डोळे मिटले, हात जोडले. "अप्पा, रामानंच धाडलं तुम्हाला," म्हणाल्या. मी ठोकळ्याची चांदणीची बाजू भिंतीकडं केली आणि बोर्डासमोर झेंडूच्या हारांची परडी सरकवली.

पूर्वरंग रंगला. ताईंचा घसा त्या सुराच्या आधारानं हळूहळू मोकळा झाला. मध्यंतरात मला पुढं बोलावून त्यांनी बुक्का लावला, आणि उत्तररंगाला सुरुवात होते न होते तोच रेवा आली. शाळेच्या गणवेशातच. माणसांतून वाट काढत माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तोंड एवढंसं झालेलं.

"आजोबा, डब्याचा दिवाच लागत नाही."

"श्श. नंतर बघू. बस."

"साडेपाच कधीच होऊन गेले. बाबा आले असतील."

"कीर्तनातून मधेच उठायचं नसतं, बाळ. बस इथं."

ती बसली. जागा नव्हती, म्हणून बोर्डाजवळ, हारांच्या परडीला टेकून बसली. थोड्या वेळानं मी तिला उचलून मांडीवर घेतलं.

ताईंनी त्या दिवशी आख्यान लावलं होतं ते बापाच्या मांडीवरून उठवलेल्या राजाच्या पोराचं. आपल्याकडं कोणाला ते माहीत नाही? पण ताई सांगत अशा, की आजच घडतंय असं वाटावं. पोर धावत येतं, बापाच्या मांडीवर चढतं, आणि सावत्र आई त्याच्या दंडाला धरून खाली ओढते. ताईंनी नुसता हात हवेत धरला आणि खाली ओढला. देवळातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मीही रडलो. कीर्तनात मला लवकरच रडू येतं, लोक थट्टा करतात. रेवानं मांडीवरून मान वळवून माझ्या कानात विचारलं,

"आजोबा, त्याचे बाबा तर तिथंच होते ना? मग ते काहीच का नाही म्हणाले?"

"ते... त्यांना बोलता नाही आलं."

"आणि त्यानं का नाही सांगितलं, की मला परत बसायचंय?"

"ऐक आता. पुढं देव भेटतो त्याला."



घरी आल्यावर ती सरळ टीव्हीपाशी गेली. भिंतीतली मोकळी जागा तिला दिसत होती. मी म्हणालो, "तो ठोकळा जळला, बाळ. विजेचा झटका आला असेल. मी काढून दुकानात ठेवलाय. सांगलीहून भाग आणावा लागेल."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

वृषाली आली. तिनंही ऐकलं आणि मान हलवली. माझ्या घरात विजेच्या वस्तूबद्दल माझ्या शब्दावर शंका घ्यायची कुणाला गरजच नव्हती. मीच तर गावाची यंत्रं तपासायचो.

रामनवमीला जन्माचं कीर्तन झालं. ताईंनी स्वतः तो ठोकळा सोडवला, वर सुंठवड्याची पुडी ठेवली आणि माझ्या हातात दिला. "घ्या अप्पा. कुणाची तरी वस्तू अडवून दिलीत तुम्ही, माझ्या लक्षात आलंय. मी सांगलीत नवा घेतला."

दुकानात येऊन मी टेबलाशी बसलो. छाटलेली पिन खणात होती. सोल्डरिंग आयर्न तापवायचा, दोन तारा, दोन टाके. पाच मिनिटांचं काम. मी तो तापवलाही. मग बंद केला आणि ठोकळा पिनेसकट खणात ठेवून दिला.

का, ते सांगतो. त्या चार दिवसांत रेवा रोज माझ्याबरोबर देवळात येऊ लागली होती. पहिल्या दिवशी रुसून आली, दुसऱ्या दिवशी तिनं झांज मागितली. ताईंच्या मागं उभं राहून ती ठेका धरायची, चुकली की माझ्याकडं बघून हसायची. नवरात्र संपल्यावर आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढं शुक्रवारी संध्याकाळी भजन असायचं, तिथंही ती येऊ लागली. लोक म्हणायचे, "अप्पा, नात तुमच्या वळणावर गेली." मला ते गोड लागायचं. पोरीला यंत्रापासून सोडवून देवाकडं आणलं, असं मी मनाशी घोकत होतो. आणि मांडीवर ती बसायची ते मला हवं होतं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या शुक्रवारी तिनं विचारलं, "आजोबा, सांगलीहून आलं?"

"नाही, बाळ."

तिसऱ्या शुक्रवारी तिनं विचारलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचा फोन वाजला.

"अप्पा, मी धनंजय. ठेवू नका."

"ठेवत नाही. बोला."

"तीन शुक्रवार झाले. रेवा येत नाही. मी तासभर थांबतो. कालही थांबलो. बरी आहे ना ती?"

"बरी आहे."

"मग? यंत्र बिघडलं का? अडॅप्टरचा दिवा लागतो का?"

समोरच्या खणात ठोकळा होता. खण अर्धवट उघडा होता, मला चांदणी दिसत होती.

"अप्पा?"

"हं."

"वृषालीनं बंद केलं का?"

रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. ती पुरती जाईपर्यंत मी गप्प होतो.

"कळलं," तो म्हणाला. "तिचं चूक नाही. मी तिला पुष्कळ त्रास दिलाय. पुढच्या महिन्यात मला आत वाळवंटातल्या साइटवर धाडताहेत, तिथं नेट नाही. म्हणून आधी... जाऊ दे. रेवाला सांगा, बाबा येऊन गेले म्हणून. प्रत्येक वेळी येऊन गेले. एवढं सांगाल?"

"सांगतो."

मी सांगितलं नाही. सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

पाचव्या शुक्रवारी मात्र मला राहवेना. रात्र रात्र ती ट्रॉली कानात वाजत होती. दुपारी दुकानाचं शटर ओढलं, ताईंच्या पेटीची पिन काढली, मूळची पिन जोडली, टाके घातले, वर टेप घट्ट बसवली आणि ठोकळा भिंतीत लावला. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. रेवा शाळेतून आली. तिनं दिवा पाहिला, दप्तर तिथंच टाकलं आणि माईक कानाला लावला.

साडेपाच वाजले. तिनं लाल गाडी समुद्राच्या कडेला नेऊन उभी केली. बाकीच्या गाड्या जात होत्या. पावणेसहा. सहा. मी दारात उभा होतो.

"बाबा?" ती माईकमध्ये हळूच म्हणायची. थोडं थांबून पुन्हा, "बाबा, मी आलेय."

साडेसहाला तिनं यंत्र बंद केलं, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाली, "आजोबा, भजनाला जायचं ना?"

दिवाळीपर्यंत दर शुक्रवारी ती गाडी तिथं उभी राहायची. मग राहीनाशी झाली. वृषाली एकदा भाकरी थापताना म्हणाली, "बघितलंत अप्पा? चार आठवडे मशीन बंद पडलं आणि कंटाळला. मला वाटलं होतं, निदान पोरीसाठी तरी टिकेल." मी ताटातलं मीठ बोटानं सारखं करत बसलो. धनंजय काय समजून गेला आणि वृषाली काय समजून बसली, हे दोन्ही फक्त मला माहीत होतं.

बाप-लेकीची भेट पुढं सहा वर्षांनी झाली. पुण्यात, एका हॉटेलात. त्याचं दुसरं लग्न झालं होतं. रेवा आल्यावर मी विचारलं, काय बोललात? "पेपर कसे गेले ते विचारलं," ती म्हणाली. "चांगला माणूस आहे." बापाला चांगला माणूस म्हणाली ती.

याला आता सतरा वर्षं होत आली. गेल्या महिन्यात मी दुकान कायमचं बंद केलं. हात थरथरतात, टाका बसत नाही. माळा रिकामा करायला रेवा सुट्टी काढून बंगलोरहून आली होती. तिनं फळीवरून एक खोकं उतरवलं. त्यात ते यंत्र, तो डबा आणि ठोकळा. चांदणीचा निळा रंग उडून पांढरट झाला होता, पण टोकं शाबूत होती.

मी माळ्यावरच खुर्ची टाकून बसलो होतो. म्हटलं, आता नाही तर कधी?

"रेवा, मला तुला एक सांगायचंय. तो ठोकळा तेव्हा जळला नव्हता."

ती वायरीवरचा जोड अंगठ्यानं चाचपत होती. मान वर न करता म्हणाली, "सुलभाताईंच्या तंबोऱ्याला होता."

"तुला... कधी कळलं?"

"तेव्हाच. मी हारांच्या परडीला टेकून बसले होते ना. परडी थोडी हलली आणि भिंतीच्या बाजूनं चांदणी दिसली."

"मग मी जळला म्हटलं, तेव्हा बोलली का नाहीस? एकदा तरी?"

"नऊ वर्षांची होते, आजोबा. मला वाटलं, देवाला दिलेलं मागायचं नसतं." ठोकळा तिनं दोन्ही हातांत धरला होता. "आणि मला खात्री होती. देवाचं काम झालं की तुम्ही परत आणून लावाल."

खाली वृषाली चहाला हाका मारत होती. रेवानं ठोकळा माझ्या मांडीवर ठेवला आणि जिना उतरून गेली.

तिची पावलं खाली स्वयंपाकघरात पोचल्याचं मी ऐकलं. मग ठोकळा उचलला, काठी घेतली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागलो. धनंजय तेव्हा दर शुक्रवारी येऊन थांबला होता, हे दोघींना मला अजून सांगायचं होतं.